नाव म्हणजे पुरावा नव्हे

नावावरून माणूस कुणाच्या बाजूचा आहे ते ओळखता येतं, असं छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक काळात असतात. हातात काही नसतं तोवर ते नुसता वैताग देतात. पाठीशी सत्ता किंवा जमाव आला की गावंच्या गावं पुसायला निघतात. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांचं नेमकं हेच झालं. त्याचा हिशेब आजही मांडावा असा आहे, कारण ती खोड गेलेली नाही.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बर्लिन नावाचं शहर होतं. १८३०च्या दशकापासून हेच नाव. फर्निचर, चामडं, बटणं बनवणारं कारखान्यांचं शहर. लोक बहुतेक जर्मन वंशाचे, पण त्यातले बरेचसे कॅनडातच जन्मलेले. १९१४ साली युद्ध सुरू झालं आणि बागेतला सम्राट पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा कुणीतरी तळ्यात फेकला. फेब्रुवारी १९१६मध्ये सैनिकांनी तिथला जर्मन क्लब फोडला. पुढच्याच महिन्यात एका लुथरन पाद्र्याला घरातून ओढून रस्त्यावरून फरफटत नेलं. आणि मग मे महिन्यात शहराला अगदी रीतसर विचारलं गेलं: नाव बदलायचं का? 'हो' म्हणणारे ३,०५७. 'नाही' म्हणणारे २,९७६. फरक ८१ मतांचा.

याला जनतेचा कौल म्हणायचं? पाद्र्याला फरफटवलेलं पाहूनही २,९७६ माणसं 'नाही' म्हणाली, हेच मला नवल वाटतं. 'हो'मधली किती मतं मनापासूनची आणि किती धास्तीची, हे मतपेटीला कळत नाही.

नवं नाव निवडायची वेळ आली तेव्हा मोजली गेलेली मतं होती फक्त ८९२. जूनमध्ये युद्धनौका बुडून मेलेले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर ३४६ मतांनी जिंकले. १९०२ ते १९०९ या काळात भारतात सरसेनापती होते, तेच हे किचनर. त्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात त्यांच्याच हाताखाली बोअर बायकामुलांना छावण्यांत कोंडलं होतं आणि तिथे हजारोंनी माणसं मेली होती. 'कलंकित' नाव घालवून शहराने 'स्वच्छ' नाव घेतलं ते असं. आजही ते किचनरच आहे.

आता याच काळात मोठ्या घरांत काय चाललं होतं ते पाहा. जर्मनीत हेसेमध्ये बॅटनबर्ग नावाचं छोटं गाव आहे. १८५१मध्ये हेसेच्या एका राजपुत्राने खालच्या दर्जाच्या समजल्या गेलेल्या मुलीशी लग्न केलं. तिला आणि मुलांना राजघराण्याचं नाव देता येईना, म्हणून या गावाचं नाव दिलं. त्यांचा मुलगा लुई १४व्या वर्षी ब्रिटिश नौदलात गेला आणि चढत चढत नौदलप्रमुख झाला. ४६ वर्षांची नोकरी, पण ऑक्टोबर १९१४मध्ये जर्मन जन्माच्या कुजबुजीपायी त्याला राजीनामा द्यावा लागला. १९१७मध्ये राजाने स्वतःचं सॅक्स-कोबर्ग-गोथा सोडून विंडसर हे नाव घेतलं आणि बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं. 'बर्ग' म्हणजे डोंगर, 'माउंट' म्हणजेही डोंगर. अर्धं नाव भाषांतरित करून पुढे आणलं, एवढीच काय ती देशभक्ती. लुईचा धाकटा मुलगा हेच नवं नाव घेऊन १९४७मध्ये दिल्लीला शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला. गुलाबी-पिवळ्या चौकटींच्या केकला मात्र इंग्लंडात अजून बॅटनबर्गच म्हणतात.

लुईवर अन्याय झाला, यात शंका नाही. पण नाव सोडल्याबद्दल त्याला मार्क्विस ही पदवी मिळाली. ऑन्टारिओच्या चामडं कमावणाऱ्या कामगाराला काय मिळालं? नावाच्या शुद्धीकरणाचं बिल नेहमी खालच्या मजल्यावर येतं.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये वावरतो. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की, नाव ही ओळखीची किल्ली धरायची नाही. एकाच नावाच्या दहा नोंदी निघतात, एकाच माणसाची तीन नावं निघतात. म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक देतात. नाव फक्त लेबल. नुसती अक्षरं जुळली म्हणून दोन नोंदी एक करणाऱ्याला आमच्याकडे कोडला हात लावू देत नाहीत. देश चालवणाऱ्यांना मात्र ही मुभा असते.

बिस्मार्क हे नाव घ्या. जर्मनीच्या अल्टमार्क भागात बिस्मार्क नावाचं गाव आहे. घराण्याने नाव घेतलं ते तिथून. त्या घराण्यातला ओटो जर्मनीचा चान्सलर झाला. मग १८७३मध्ये अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीला जर्मन पैसा हवा होता, म्हणून नॉर्थ डकोटातल्या एडविंटन या गावाचं नाव बिस्मार्क केलं गेलं. दोन महायुद्धं झाली. १९४१मध्ये याच नावाची जर्मन युद्धनौका ब्रिटिशांनी बुडवली. नॉर्थ डकोटाची राजधानी बिस्मार्कच राहिली आणि अमेरिकेचं त्याने काही बिघडलं नाही. १९४३मध्ये दोस्तांनी जपानी ताफा बुडवला तो पापुआ न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क समुद्रात. जर्मन नावाच्या पाण्यात जर्मनीच्या मित्राचा पराभव! गाव, घराणं, शहर, जहाज, समुद्र. अक्षरं तीच, नोंदी पाच.

आणि हानडॉर्फची गोष्ट तर निव्वळ क्रूर आहे. १८३८मध्ये प्रशियाच्या राजाच्या धार्मिक सक्तीला कंटाळून काही लुथरन कुटुंबं 'झेब्रा' जहाजाने दक्षिण ऑस्ट्रेलियाला पोचली. कप्तान हान यांनी खटपट करून त्यांना जमीन मिळवून दिली, म्हणून लोकांनी कृतज्ञतेने गावाला त्यांचं नाव दिलं: हानडॉर्फ, हानचं गाव. पुढे १९१७मध्ये कायदा झाला आणि त्या राज्यातली ६९ जर्मन नावं पुसली गेली. हानडॉर्फचं अँबलसाइड झालं. ज्यांचे आजे-पणजे प्रशियातून पळून आले होते, त्यांच्यावरच प्रशियाप्रेमाचा संशय! १९३५मध्ये जुनं नाव परत मिळालं. मधली १८ वर्षं कोण भरून देणार?

इथे तुम्ही विचाराल: मग कुठलंच नाव बदलायचं नाही का? बदलायचं. आणि इथेच 'इतिहास आहे, हात लावू नका' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण सुरू होतं.

ब्रेमेनचा व्यापारी अडॉल्फ ल्यूडेरिट्झ. १८८३मध्ये त्याने आजच्या नामिबियात नामा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स यांच्याकडून किनारपट्टी विकत घेतली. करारात रुंदी होती २० मैल. फ्रेडरिक्स यांना माहीत होता तो इंग्रजी मैल, १.६ किलोमीटरचा. ल्यूडेरिट्झने मागाहून जर्मन भौगोलिक मैल काढला, ७.४ किलोमीटरचा. म्हणजे ३२ किलोमीटरचे झाले १४८. आमच्याकडे एककांची अशी गफलत झाली तर तिला बग म्हणतात. इथे ती फसवणूक होती, समजून-उमजून केलेली. तिथल्या बंदराला नाव पडलं ल्यूडेरिट्झ. पुढे जर्मनांनी त्याच बंदरातल्या शार्क बेटावर छावणी उभारली आणि नामा व हेरेरो माणसं तिथे मारली. नामांचे नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७मध्ये तिथेच गेले.

खुद्द जर्मनीच्या बर्लिनमध्येही ल्यूडेरिट्झच्या नावाचा रस्ता होता. २०२२मध्ये त्याचं नाव बदलून कॉर्नेलियस फ्रेडरिक्स रस्ता केलं. उत्तम केलं. पण बिस्मार्क गावाच्या त्याच अल्टमार्कमध्ये ल्यूडेरिट्झ नावाचं एक खेडंही आहे. त्याने कुणाचे मैल चोरले? त्याला कुणी हात लावू नये. आणि नामिबियातलं बंदर आजही ल्यूडेरिट्झच आहे. त्याचं काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवावं, मी नाही, तुम्हीही नाही.

नाव एक, जागा तीन, आणि न्याय तीन वेगळे. म्हणून नाव कुठल्या भाषेतलं, ऐकायला कुणासारखं, हा प्रश्नच मुळात टाकाऊ आहे. विचारायचं ते एवढंच: हे नाव कुणी दिलं, आणि कुणाच्या डोक्यावर बसवलं? आणि आता ते बदलताना तिथे राहणारा माणूस निर्धास्तपणे 'नाही' म्हणू शकतो का?

हानडॉर्फचं नाव तिथल्याच लोकांनी प्रेमाने ठेवलं होतं. ते धाकाने पुसलं. ल्यूडेरिट्झचं नाव लुबाडणुकीवर उभं होतं. त्याचा रस्ता जायलाच हवा होता. या दोन्ही गोष्टींना 'नामांतर' हा एकच शब्द वापरून जो तुम्हाला कुठल्यातरी एका बाजूला उभं करू पाहतो, त्याला आधी एवढंच विचारा, की ते ८१ कोण होते आणि त्या रात्री त्यांच्या दाराबाहेर कोण उभं होतं.