कालव्याच्या मुखाशी जाळी हवीच

नदीचे पाणी शेताकडे वळविण्याचा शेतकऱ्याचा हक्क सर्वमान्य आहे. परंतु पाण्याबरोबर नदीतील जीवही शेतात ओढून आणण्याचा हक्क त्यास पोहोचतो काय, असा प्रश्न अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. तेथील शेतकऱ्यांस अनुभवाने मिळालेले उत्तर पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाने विचारात घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न सॅमन माशाचा आहे. महाराष्ट्रात रावसास ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्याचा या कुळाशी संबंध नाही. खरा सॅमन थंड पाण्याच्या नदीत वाळूगोट्यांच्या थरात अंडी घालतो. पिले काही काळ गोड्या पाण्यात वाढून प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावर बहुधा आपल्या जन्मनदीतच परततात. समुद्राकडे जाताना बोटभर लांबीच्याही नसलेल्या पिलास नदी कोणती व पाट कोणता हे उमगत नाही. कालव्यात शिरलेले पिलू अखेर शेतात किंवा आटत्या चरात तडफडून मरते. एक मादी काही हजार अंडी घालते खरी. परंतु त्यांतून परतणारे मासे मोजकेच असतात. त्यामुळे कालव्यात गेलेले प्रत्येक पिलू पुढील पिढीतील तूट ठरते.

यावर उपाय म्हणजे कालव्याच्या मुखाशी जाळी. परंतु भोके बारीक असली की काम भागले, ही समजूत चुकीची होय. पाणी जोराने ओढले गेल्यास पिलू जाळीस चिकटून तेथेच मरते. म्हणून तेथील मत्स्यखात्याने भोकाचा व्यास ३/३२ इंच, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, यापेक्षा अधिक नसावा असे ठरविले. तसेच आपोआप साफ होणाऱ्या जाळीकडे येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदास ०.४ फुटापेक्षा अधिक नसावा असाही दंडक घातला. म्हणजेच दर क्यूसेक पाण्यास किमान अडीच चौरस फूट जाळी हवी. जाळीच्या अंगाने वाहणारा प्रवाह त्याहून वेगवान असावा व पिलांना नदीत परतण्यास मोकळा मार्ग असावा, हेही तितकेच आवश्यक आहे.

जाळीने पाणी अडते, पाचोळा तुंबतो आणि खर्च वाढतो, ही शेतकऱ्यांची तक्रार निराधार नाही. ऑरेगॉन राज्यात हूड नदीच्या खोऱ्यात १९९६ च्या महापुराने जुन्या जाळ्यांची नासधूस केल्यानंतर तेथील शेतकऱ्यांच्या पाटसंस्थेने स्वतःच आडव्या सपाट जाळीची रचना विकसित केली. तीत फिरणारा भाग एकही नाही. पाणी जाळीवरून वाहते, त्यातील काही खाली झिरपून कालव्यास मिळते, आणि मासे व पाचोळा उरलेल्या पाण्याबरोबर नदीस परत जातात. तक्रार करणाऱ्यांनीच उपाय शोधल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

जाळीची हेळसांड किती महाग पडते, हे कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीवर दिसून आले. हॅमिल्टन सिटीजवळ ग्लेन-कोलुसा पाटसंस्थेचे मोठे पंपगृह भातशेतीस पाणी देते. तेथे १९७२ साली बसविलेल्या जाळ्या अपुऱ्या ठरल्या. १९६९ साली एक लाखाहून अधिक असलेले हिवाळी चिनूक सॅमन १९९१ साली दोनशेच्या आसपास उरले. शास्ता धरण व तापलेले पाणी हीदेखील त्याची मोठी कारणे होती. सारा दोष पंपांचा नव्हता. तरीही न्यायालयाने पिलांच्या प्रवासकाळात पंपांवर निर्बंध घातले, आणि पीक पाण्यावर असतानाच पाणी संकटात आले. २००१ साली सुमारे १,१०० फूट लांबीची नवी जाळी पूर्ण झाली. माशांसाठी उभारलेली ही जाळी भाताच्या पाण्याचेही संरक्षण ठरली.

मग खर्च कोणी सोसावा? तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. सॅमन ही साऱ्या समाजाची संपत्ती आहे. कोलंबिया खोऱ्यातील आदिवासी जमातींचा मासेमारीचा हक्क तर १८५५ च्या करारांनी राखून ठेवलेला आहे. त्या खोऱ्यात जाळ्यांसाठी सरकारी पैसा खर्च करण्याची तरतूद १९३८ च्या मिचेल कायद्याने झाली, ते योग्यच झाले. बांधणीत शासनाने मोठा वाटा उचलावा व निगा पाण्याच्या धन्याने राखावी, हीच वाटणी टिकाऊ होय. चार दिवस साफ न केलेली जाळी पाणीही देत नाही व मासाही वाचवीत नाही. तसेच, जाळीखाली नदीच कोरडी पडली तर उत्तम जाळीही व्यर्थ आहे.

महाराष्ट्रात सॅमन नाही. म्हणून तेथील मापे येथे जशीच्या तशी आणण्याचे कारण नाही. तथापि उपसा पंपाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी प्रत्येक बागाईतदारास परिचित आहे. ती पंपाच्या रक्षणासाठी असते. तिच्याभोवती मोठ्या घेराची दुसरी जाळी बसविल्यास ओढ मंदावते, कचरा कमी तुंबतो व लहान मासेही वाचू शकतात. ग्रामसेवकांनी ही साधी गोष्ट शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावी. नदीकडून पाणी घेताना तिचे बी-बियाणे तिच्यापाशीच राहू देणे, हे पाणी घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.