बॅटरीगाडीच्या छपरावरील सूर्य

मोहगाव व सौसरचा परिसर संत्री-कापसाचा, आणि उन्हाचीही येथे वाण नाही. तेव्हा वृद्ध मातापित्यांना मंदिरात ने-आण करण्यासाठी अथवा पेठेतील हलका माल वाहण्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी गाडी घ्यावी व तिच्या छपरावरच सौर पॅनेल बसवून विजेचा खर्च कायमचा मिटवावा, असा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु व्यापाऱ्याने आधी जमाखर्च मांडावा, हे बरे.

गाडीचे छप्पर फार तर दोन चौरस मीटरचे. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते आणि पॅनेल त्याचा सुमारे पाचवा हिस्सा विजेत उतरविते. म्हणजे चारशे वॅट. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे, धूळ व उष्णतेने होणारी घट वजा जाता दिवसाकाठी दीड युनिट हाती लागले तरी पुष्कळ. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४.८ युनिट मावतात. अर्थात छप्पर तिचा तिसरा हिस्साच भरील! युनिटला आठ रुपये धरले तरी बचत रोजची बारा रुपये. पावसाळ्यात तर त्याहूनही कमी.

शिवाय हा लाभ मिळविण्यासाठी गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवावी लागते, आणि उन्हाच्या तापाने बॅटरीचेच आयुष्य घटते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर कडुलिंबाची सावली पडली तरी उत्पन्न बरेच खाली येते.

माथेरानचे उदाहरण पाहावे. तेथे मोटारींना बंदी असल्याने माणसे माणसांना ओढीत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्शा सुरू झाल्या. श्रम हलके करणारी ती गाडी खरोखर स्वागतार्ह होय. पण तेथील दाट झाडीच्या रस्त्यांवर छपरावरील पॅनेल काय कमावणार?

म्हणून माझे नम्र मत असे की, गाडी अवश्य घ्यावी, परंतु पॅनेल दुकानाच्या, गोदामाच्या अथवा धर्मशाळेच्या गच्चीवर बसवावे. तेथे ते दक्षिणाभिमुख, आपल्या अक्षांशानुसार एकवीस-बावीस अंश कललेले ठेवता येते, वेळोवेळी धुता येते आणि गाडी खाली सावलीत निवांत भरता येते. गाडी फिरावयास गेली असताही गच्चीवरील पॅनेलची कमाई थांबत नाही. ती वीज दुकानाच्या दिव्यापंख्यांना उपयोगी पडते. ज्यांची गाडी आडवळणाच्या मळ्यात, विजेपासून दूर उभी असते, त्यांनी मात्र छपरावर पॅनेल जरूर लावावे. थोडी थोडी भर पडत राहिल्याने बॅटरी पूर्ण रिकामी होऊन बिघडत नाही.

सूर्य सर्वांना सारखेच देतो. त्याचे दान कोणत्या भांड्यात घ्यावे, एवढाच विवेक आपला आहे.