कुलूप नको, कोपरा हवा

तुमच्या शाळेतील गोष्टींची पुस्तके कोठे ठेवलेली असतात?

माझे बालपण अमरावतीत गेले. आमच्या प्राथमिक शाळेत पुस्तकांचे एक लोखंडी कपाट होते. त्याला मोठे कुलूप होते. मुले पुस्तके फाडतील, हरवतील आणि हिशोब शिक्षकांना द्यावा लागेल, ही भीती त्यामागे होती. चार वर्षांत ते कपाट आमच्यासाठी एकदाही उघडले नाही. एकही पुस्तक फाटले नाही आणि एकही वाचले गेले नाही.

१९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना पुस्तके मिळू लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे ठरवले. पण कायदा पुस्तक शाळेपर्यंत आणतो. मुलांच्या हातापर्यंत ते आपणच न्यायचे असते.

आता मी अकोल्यात शिकवतो. माझ्या मते प्रत्येक वर्गात पुस्तकांचा एक कोपरा हवा. त्याला फार खर्च येत नाही. मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर भिंतीला सुतळी बांधावी. कपडे वाळत घालतात, तशी पुस्तके तिच्यावर टांगावीत. मुखपृष्ठ दिसले की हात आपोआप पुढे जातो. खाली सतरंजी अंथरावी. देण्याघेण्याची वही मुलांनीच सांभाळावी.

उर्दू गोष्टींच्या शेजारी मराठी गोष्टीही असाव्यात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघते. तेही तेथे ठेवावे. बाजारात आणि बसस्थानकावर आपण मराठी बोलतो, पण वाचतो मात्र परीक्षेपुरती. आनंदासाठी वाचलेली भाषाच आपली होते.

कोणी म्हणेल, पुस्तके फाटतील. फाटू द्या! फाटलेले पान डिंकाने चिकटवता येते. वाचनाची गोडी लागण्याचे वय मात्र एकदा गेले की परत येत नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. यंदा त्या दिवशी केवळ भाषणे ऐकून घरी जाऊ नका. शिक्षकांना विचारून लहान मुलांच्या वर्गात जा. सुतळी बांधा. एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन रंगात आली की थांबा. पुस्तक तेथेच टांगून या. पुढे काय झाले, ते मुले स्वतःच शोधतील.