गुजरात जायंट्ससाठी आपली निवड : खो-खोचा ड्राफ्ट आणि बडोद्याचे सात खेळाडू

आयपीएलचा लिलाव जवळ आला की दांडिया बाजारात प्रत्येक घरी एक निवड समिती बसते. कोणाला किती कोटींत घ्यावे, कोणाला सोडावे, यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची मते ठरलेली असतात. बडोद्याला क्रिकेटची परंपरा मोठी, त्यामुळे त्यात काही वावगे नाही. पण ज्या खेळाशी आपल्या शहराचे नाते त्याहूनही मुळातले आहे, त्या खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली, तिची दोन पर्वे झाली, दुसऱ्या पर्वात ‘गुजरात’ नावाचा संघ विजेता ठरला, आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. म्हणून या वेळी निवड समिती खो-खोची बसवू. पुढच्या ड्राफ्टमध्ये गुजरात जायंट्सने कोणाला घ्यावे, याचा हा एका बडोदेकर प्रेक्षकाचा विचार.

आपला संबंध काय?

नवीन पिढीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. खो-खोला नियमांत बसवण्याचा पहिला प्रयत्न पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास केला. त्यानंतर १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने खो-खोच्या नियमांचे पुस्तक छापले. त्याच्या आदल्याच वर्षी याच संस्थेने हुतूतूचे नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरवले होते. दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव यांच्याबद्दल आपल्या सभासदांना नव्याने सांगायची गरज नाही. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंडही याच शहरात सिद्ध झाले.

ही परंपरा कागदावर राहिली नाही. खो-खोसाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० मध्ये मिळाला तो बडोद्याच्या सुधीर परब यांना. १९७१ मध्ये अचला देवरे आणि १९७३ मध्ये भावना परीख यांना हा पुरस्कार मिळाला. ही नावेही गुजरातचीच. म्हणजे या खेळातले देशातले पहिले तीन अर्जुन पुरस्कार गुजरातकडे आले. आज राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्र, रेल्वे, विमानतळ प्राधिकरण यांचे संघ पुढे असतात. गुजरातचे नाव त्या जोमाने ऐकू येत नाही. हे अंतर कसे कमी करायचे, हा खरा प्रश्न आहे आणि ड्राफ्टची यादी करताना तो बाजूला ठेवता येत नाही.

लिलाव आणि ड्राफ्ट यांतला फरक

आयपीएलमध्ये बोली लागते. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले ते दोन संघ हटून बसले म्हणून. ‘अल्टिमेट खो-खो’मध्ये बोली नव्हती. २०२२ च्या पहिल्या पर्वापूर्वी खेळाडूंचे चार गट केले गेले. ‘अ’ गटाला ५ लाख, ‘ब’ला ३ लाख, ‘क’ला दीड लाख आणि ‘ड’ला १ लाख रुपये असे मानधन आधीच ठरलेले होते. सहा संघांनी पाळीपाळीने नावे उचलली आणि एकूण १४३ खेळाडू निवडले गेले.

दर ठरलेला असला की पैशाचा जोर चालत नाही, क्रमाला महत्त्व येते. पहिल्या पाळीत एक नाव उचलले की दुसरे हातचे जाते. क्रिकेटच्या लिलावात ‘हा खेळाडू केवढ्याला?’ हा प्रश्न असतो. इथे ‘याला घेतले तर कोणाला मुकावे लागेल?’ हा असतो. घरी भाजी आणणाऱ्यालाही हा हिशोब कळतो.

आकडे काय सांगतात?

लीगमध्ये चार पाळ्या असतात, प्रत्येकी सात मिनिटांची. दोन पाळ्या आक्रमणाच्या, दोन संरक्षणाच्या. मैदानात नऊऐवजी सात आक्रमक असतात आणि त्यांत एक ‘वजीर’ असतो. त्याला दिशेचे बंधन नसते. तो मागे वळूनही पळू शकतो. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने येतात. गडी बाद केला की दोन गुण, आणि हवेत किंवा खांबावरून सूर मारून टिपला तर तीन.

आता साधा हिशोब मांडू. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद. समजा आपला एक गडी सरासरी दर ३० सेकंदांनी बाद होतो. मग पाळीत १४ गडी गेले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला २८ गुण. हेच अंतर ३५ सेकंदांवर नेले तर १२ गडी, २४ गुण. म्हणजे गड्यामागे फक्त पाच सेकंद जास्त तग धरला तर एका पाळीत चार आणि दोन पाळ्यांत आठ गुण वाचले. सूर मारून मिळालेले जादा गुण आणि दीर्घ संरक्षणाचा बोनस या हिशोबात धरलेलाच नाही.

आठ गुण ही लहान गोष्ट नाही. पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या पहिल्या पर्वाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. शेवटची काही सेकंदे उरलेली असताना सूरज लांडेने हवेत सूर मारून तीन गुण आणले, म्हणून. कटकला झालेल्या दुसऱ्या पर्वात जानेवारी २०२४ मध्ये गुजरात जायंट्सने चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असे पाच गुणांनी हरवले. दोन्ही अंतिम सामन्यांतला फरक आठ गुणांच्या आतला. दुसऱ्या सामन्यात एकूण धावसंख्याच कमी, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी संरक्षण चिवट होते.

म्हणून माझ्या यादीचे सूत्र असे : आधी संरक्षण, मग सूर मारणारा एक हमखास आक्रमक, मग वजीर. प्रेक्षकाला वजीर आवडतो, टाळ्या त्यालाच पडतात. पण सामना त्या पाच सेकंदांवर ठरतो.

यादी

ड्राफ्ट कोऱ्या पाटीवर होईल असे धरून ही निवड केली आहे. कोणता संघ कोणाला कायम ठेवील, हे त्या वेळी ठरेल.

पहिले नाव रामजी कश्यपचे. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा हा मुलगा. आक्रमण आणि संरक्षण दोन्हीकडे तो सारखाच उपयोगी पडतो, आणि दर ठरलेला असताना एका जागेत दोन खेळाडू मिळत असतील तर ती जागा पहिल्याच पाळीत भरावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता.

अनेक जण म्हणतील, कर्णधार प्रतीक वाईकर पहिला का नाही? त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असे हरवले. वजीर म्हणून त्याच्या तोडीचे फार थोडे. दुसऱ्या पाळीपर्यंत तो उरणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण वजिराची जागा दुसऱ्या कोणाला तयार करून भरता येते. दोन्हीकडे खेळणारा तयार करायला वर्षे लागतात. प्रतीक उरला तर तो आपला, नाही तर नाही.

दुसरे आणि तिसरे नाव पुण्याचे : सुयश गरगटे आणि आदित्य गणपुले. दोघेही विश्वविजेत्या संघातले. यांना मी संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत ठेवीन. ज्यांनी लहानपणापासून एकाच शहरातल्या स्पर्धांत एकमेकांचा खेळ पाहिला आहे, त्यांना साखळीत पळताना एकमेकांकडे बघावे लागत नाही. नव्या संघात ही समज यायला निम्मे पर्व जाते.

चौथे नाव मुंबईच्या अनिकेत पोटेचे. विश्वविजेत्या संघातला हा गडी मी दुसऱ्या तुकडीचा आधार म्हणून घेईन, कारण पहिली तुकडी लवकर फुटली तर सामना तिथेच हातातून जातो. पाचवे नाव सूरज लांडे. अंतिम सामन्याच्या शेवटच्या क्षणी सूर मारायचे धाडस ज्याने एकदा दाखवले, त्याच्यासाठी एक जागा राखणे महाग नाही.

ही पाचही नावे महाराष्ट्राची आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. त्यात प्रांताभिमान नाही. आज खो-खोचे कसब जिथे सर्वांत दाट आहे, तिथूनच संघ उभा राहतो. पण संघाच्या नावात गुजरात असेल तर कोठे तरी गुजरातही दिसायला हवा. म्हणून सहावी निवड म्हणजे ‘ड’ गटातल्या दोन जागा : वीस वर्षांखालचे गुजरातचे दोन मुलगे, मग ते डांगचे असोत की बडोद्याचे. ते पहिल्या वर्षी फारसे खेळणार नाहीत. पण रामजी, सुयश यांच्याबरोबर महिनाभर सराव करून ते परत येतील तेव्हा त्यांच्या शाळेतली, आखाड्यातली वीस मुले त्यांच्याकडून शिकतील. दोन लाखांत याहून चांगली गुंतवणूक मला दिसत नाही.

सातवे नाव

सातवे नाव ओपिना भिलार. डांग जिल्ह्यातल्या बिलीआंबा गावची ही मुलगी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली त्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. पुरुषांच्या अंतिम सामन्यातले अंतर १८ गुणांचे, महिलांच्या ३८.

गुजरात जायंट्सला ही निवड करता येत नाही, कारण लीगची दोन्ही पर्वे फक्त पुरुषांची झाली. गुजरातच्या मातीतून विश्वविजेती खेळाडू निघते आणि गुजरातच्या नावाच्या संघात तिला जागा नाही. सारिका काळे, नसरीन शेख यांच्यासारख्या अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडूंची वाटही याच ठिकाणी अडते. क्रिकेटमध्ये महिलांची लीग उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिचे पर्व आपल्या कोटंबीच्या मैदानावर सुरू झाले, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे लेकी-नातींना घेऊन गेली. बाजारपेठ नाही हे कारण आता पुरेसे नाही. यादीतली ही जागा मी मुद्दाम रिकामी ठेवतो आहे. ती दुसऱ्या नावाने भरू नये.

घरातला प्रश्न

हे सगळे वाचून आई-वडील विचारतील : ठीक आहे, पण पुढे काय? प्रश्न रास्त आहे. ‘अ’ गटातल्या खेळाडूचे ५ लाख आणि पंतचे २७ कोटी यांत ५४० पटींचा फरक आहे. लीगच्या मानधनावर संसार होत नाही. खो-खोपटूचे घर चालते ते नोकरीवर, मुख्यतः रेल्वे आणि सरकारी उपक्रमांतल्या क्रीडा कोट्यावर.

त्यातही तुम्ही कोणत्या राज्याकडून खेळता यावर बरेच अवलंबून असते. विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकाने आपल्या दोघांना, गौतम आणि चैत्रा यांना, प्रत्येकी ५ लाख देऊ केले. त्यांनी महाराष्ट्राचे उदाहरण देत ते नाकारले. एकच सामना, एकच चषक, आणि बक्षिसात ४५ पटींचा फरक. घरी मराठी बोलणारी पण गुजरातकडून खेळणारी आपली मुले यात कोठे बसतात, याचा विचार पालकांनी आणि आपल्यासारख्या संस्थांनी एकत्र बसून करायला हवा. क्रीडा कोट्याच्या जागा, अर्जाच्या मुदती, राज्य पातळीवरच्या प्रमाणपत्राचा उपयोग, ही माहिती एका ठिकाणी मिळाली तरी अनेक मुले नववी-दहावीत खेळ सोडणार नाहीत. गळती तिथेच होते.

आपल्या हातात काय आहे?

लीगचा संघ कोणाला निवडतो हे आपल्या हातात नाही. पण दोन गोष्टी आहेत.

पहिली, मॅट. लीग आणि विश्वचषक दोन्ही मॅटवर, बूट घालून खेळले गेले. मातीवर अनवाणी शिकलेल्या मुलाचा पाय मॅटवर वेगळा पडतो. सूर मारायची भीतीही मॅटवर लवकर जाते. एका संस्थेला मॅट परवडत नसेल तर शहरातल्या तीन-चार संस्थांनी मिळून एक घ्यावी आणि वार वाटून घ्यावेत. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना हे अशक्य नाही.

दुसरी, घड्याळ. या उन्हाळी शिबिरात प्रत्येक मुलामुलीची संरक्षणाची वेळ पहिल्या दिवशी मोजून वहीत लिहावी आणि शेवटच्या दिवशी पुन्हा मोजावी. पाच सेकंदांची सुधारणा झाली का, एवढेच बघायचे. वर मांडलेल्या हिशोबाने ती पाच सेकंदे म्हणजे दोन पाळ्यांत आठ गुण, आणि लीगचे दोन्ही अंतिम सामने त्याहून कमी फरकाने सुटले. मुलींची वहीही त्याच कपाटात, त्याच पद्धतीने ठेवावी. लीग होईल तेव्हा नावे तयार असली पाहिजेत.

माझी यादी आपल्यासमोर आहे. ती कोणाला पटणार नाही, आणि प्रतीकला पहिल्या पाळीत सोडल्याबद्दल तर दोन शब्द ऐकावे लागतीलच. घरी मुलांबरोबर बसून आपापली सात नावे काढा आणि मंडळात कळवा. फक्त एक अट : सातांत एक नाव मुलीचे असावे, आणि एक अशा मुलाचे, जो आज आपल्याच गल्लीत खेळतो आहे.