ओव्हनचा शेवटचा आकडा

वसई-विरारच्या सदनिकांत गेल्या काही वर्षांत जी नवी उपकरणे दाखल झाली, त्यांपैकी विजेच्या ओव्हनइतके उपेक्षित जिणे क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले असेल. नाताळात केक, मुलांच्या वाढदिवशी पिझ्झा, आणि उरलेले वर्षभर कढया, झारे व रिकामे डबे यांचे कोठार, हा त्याचा बहुतेक घरांतील शिरस्ता. तो लावलाच तर १८० अंशांवर. त्याच्या तबकडीवरचा २५० हा आकडा केवळ शोभेसाठी छापला असावा, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, आपल्या रोजच्या जेवणाला ज्याची खरी गरज आहे तो हाच शेवटचा आकडा होय.

प्रखर आचेचे आपल्याला वावडे नव्हते. रायगडात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरून मडके जाळात पुरणारी पोपटी, आपल्या पालघर पट्ट्यातील उकडहंडी, सरहद्दीपलीकडे वलसाडकडील उंबाडियू आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजलेले भरताचे वांगे ही सगळी एकाच घराण्यातील पक्वान्ने आहेत. पण चाळी-वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, अंगणाबरोबर चूलही गेली, आणि जिची आच एकाच बाजूने लागते अशी गॅसची शेगडी तेवढी हाती राहिली. चारी बाजूंनी आच देण्याचे चुलीचे काम आज घरात कोणी करू शकत असेल, तर तो हा अडगळीतला ओव्हनच.

यामागील कारण साधे आहे. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. ज्या प्रक्रियेने खरपूसपणा आणि तांबूस रंग येतो, ती मात्र सुमारे १४० अंशांच्या पुढेच जोर धरते. मंद ओव्हनमध्ये हे पाणी रेंगाळत राहते, आणि भाजी भाजली न जाता आपल्याच वाफेत शिजून लिबलिबीत होते. प्रखर ओव्हनमध्ये वरचे पाणी झपाट्याने उडून जाते आणि आतला ओलावा आटण्यापूर्वीच कड खरपूस होते.

बोंबलाचेच उदाहरण घ्या. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून आलेला ताजा बोंबील म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच. म्हणून तर आपल्या घरांत तो चिरून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबण्याची रीत पडली. असा दाबलेला बोंबील हळद, मीठ, तिखट व कोकमाचे आगळ लावून तांदळाच्या पिठीत घोळवावा, आणि ओव्हनबरोबरच २०-२५ मिनिटे तापवलेल्या बिडाच्या तव्यावर तेलाचे बोट फिरवून एकेक सुटा मांडावा. तवा आधी तापवणे हीच यातील मेख. हवा उष्णता सावकाश देते, बीड साठवलेली उष्णता तत्काळ देते. चीर दिलेले वांगे, सालीसकट रताळे, कोनफळाच्या फोडी, फ्लॉवर, पापडी यांनाही हाच न्याय लागू. दाटी करू नये, रंग सोनेरी झाला की थांबावे, आणि नॉनस्टिकची भांडी व बटर पेपर या आचेपासून दूर ठेवावेत.

लाकडाच्या धुराशिवाय चव नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पोपटीचा तो गंध ओव्हन देणार नाही, हे मान्य. परंतु बेकरीच्या पावाला जे रूप येते ते मुख्यतः तापलेल्या विटांच्या आचेने. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा हुकूम दिल्यानंतर, लाकूड गेले तरी आच टिकवायची कशी, हा प्रश्न भट्टीवाल्यांपुढेही उभा राहिला. दुसरा आक्षेप वीजबिलाचा. १५०० वॅटचा ओव्हन ४० मिनिटे अखंड चालला तर एक युनिट खर्च होते; म्हणून एका चटक्यात वांगी, रताळी आणि मासळी अशी सगळीच कामे उरकण्यात किफायत आहे. वैशाखातल्या दुपारी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

आठच्या विरार लोकलमधून दमून उतरलेल्या माणसाला कढईपुढे उभे राहून परतत बसण्याचे त्राण नसते. ओव्हन आपले काम एकट्याने करतो, तेवढ्यात भात होतो, पोळ्या होतात. तेव्हा नवे यंत्र घेण्याची तजवीज करण्यापूर्वी घरातल्या ओव्हनमधली भांडी बाहेर काढा, तो १६ अँपिअरच्या प्लगला जोडा, आणि तबकडी निःशंकपणे शेवटच्या आकड्यावर न्या.