पिवळा दिवा विझवण्याची घाई

आयर्लंडमधल्या डून लेरीत गाडीच्या फेऱ्या लहान असतात: मुलांना शाळेत सोडायचे, भाजी आणायची, डार्ट रेल्वेच्या स्थानकापर्यंत जायचे. डिझेल गाडीला नेमके हेच मानवत नाही. तरी आयर्लंडमध्ये जुलै 2008पासून नव्या गाड्यांचा कर इंजिनाच्या आकाराऐवजी कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला, डिझेल गाडीला तो कमी पडू लागला आणि गिऱ्हाईक डिझेलकडे वळले. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सुमारे 600 अंशांपर्यंत तापला की ती काजळी जळून जाते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग पळवावी लागते. तसे घडले नाही की काजळी साठत जाते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

मग गॅरेजात स्कॅनर निघतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावला की कोड दिसतो: पी2463, डीपीएफमध्ये काजळी जास्त. पण ती का साठली, हे कोड सांगत नाही. इंजेक्टर गळत असेल, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी फाटली असेल. या गोष्टी न तपासता महागडा डीपीएफ बदलला, तर नवाही तसाच तुंबतो.

पेट्रोल गाडीतही हीच गत. पी0171 म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अनेक ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. जाणता मेकॅनिक आधी चालू इंजिनाचे आकडे पाहतो. गाडी उभ्याने चालू असताना संगणक खूप जादा पेट्रोल सोडतोय आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर ते प्रमाण नेहमीसारखे होतेय, तर बहुधा कुठल्या तरी तडकलेल्या नळीतून हवा आत शिरते आहे. सेन्सर खरेच बोलत असतो, आणि बदलला जातो तोच.

याहून मोठे नुकसान कोड पुसण्याने होते. बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार किती होता याची नोंद, फ्रीझ फ्रेम, कोडबरोबर पुसली जाते. गाडीने केलेल्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आयर्लंडमध्ये चार वर्षांच्या गाडीला एनसीटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याची सक्तीची तपासणी, लागते, दहा वर्षांनंतर ती दरवर्षी. तारीख जवळ आली की दिवा कसाबसा विझवण्याचा मोह वाढतो. बिघाड मात्र इंजिनात तसाच राहतो.

ही गोष्ट आयर्लंडपुरती नाही. भारतात एप्रिल 2013पासून नव्या मोटारींना ओबीडी-2, हे कोड नोंदवणारी यंत्रणा, बंधनकारक आहे, म्हणजे पुण्या-नाशिकच्या गॅरेजातही हाच प्रश्न उभा राहतो. स्कॅनर आता स्वस्त झाला आहे, मोबाइललाही जोडता येतो. महाग आहे ती त्यामागची तपासणी, आणि तिची मजुरी द्यायला गिऱ्हाइकाने कुरकुर करू नये. दिवा लागला, तर कोड पुसू देण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि कोणत्या चाचणीवरून कोणता भाग बदलला, हे बिलावर लिहून मागा.