गोळी सुटत नाही म्हणे!

रक्तदाबाची गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, सबब ती लावूनच घेऊ नये. लागलीच असेल तर यंत्रावरचा आकडा उतरताच बंद करावी. आणि अगदीच चैन पडत नसेल तर विलायती रसायनाऐवजी सर्पगंधेच्या मुळीची भुकटी घ्यावी, कारण वनस्पतीला दुष्परिणाम नसतात, असा त्रिविध उपदेश पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत लग्नाच्या मांडवात आणि बसस्थानकावर विनामूल्य वाटणारे एक विद्वान गृहस्थ आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही. ते स्वतःच ते पुरेसे घेतात.

पहिल्या मुद्द्याला एक ओळ पुरे: चिकटलेला असतो तो रोग, आणि बदनाम होते ती गोळी. दुसऱ्याविषयी इतकेच की ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश ओसरते, त्यामुळे ते सोडल्यावरही दोन-चार दिवस आकडा सभ्यपणे वागतो आणि गृहस्थांचा शिष्य विजयाचे पेढे वाटतो. ॲटेनोलोल किंवा क्लोनिडिन एकाएकी थांबवणाऱ्याला मात्र तेवढीही मुदत मिळेलच असे नाही.

परंतु सर्पगंधेची फिर्याद अशी फुटकळीत काढता येणार नाही. ज्या मुळीची ढाल पुढे करून गृहस्थ आधुनिक वैद्यकावर चालून जातात, त्याच मुळीची रक्तदाबावरील परीक्षा मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी घेऊन 1949 साली इंग्लंडातील हृदयरोगविषयक नियतकालिकात तिचा वृत्तान्त दिला, 1952 साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि काही वर्षे तरी जगभरच्या दवाखान्यांत त्याचा मोठा बोलबाला झाला, ही हकीकत त्यांच्या दफ्तरी नसावी. कारण असती, तर पुढचे पानही त्यांना वाचावे लागले असते. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जठराम्ल वाढणे आणि, सर्वांत चिंताजनक म्हणजे, मन खोल खिन्नतेत बुडणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्यामुळेच ते औषध पुढे मागे पडले. म्हणजे दुष्परिणामांचा भरघोस दस्तऐवज जिच्या नावावर जमा आहे, नेमकी तीच वनस्पती यांनी निरुपद्रवीपणाच्या साक्षीसाठी उभी केली! शिवाय एका मुळीतील द्रव्यांश दुसरीत तितकाच असेल याची हमी कोणी द्यावी? चिमूट कोणाची, अंगठ्याची की मुलाच्या बोटाची? वर चालू गोळीची त्यात भर पडली, तर दाब कुठवर घसरेल याचा हिशेब गृहस्थ ठेवतील काय? पूर्वी ‘विलायती’ क्विनाइनवरही या गृहस्थांशी असाच वाद माजला होता. ते सिंकोना झाडाच्या सालीतून निघते हे सिद्ध करताच प्रतिपक्षाने मत बदलले नाही, फक्त विषय बदलला.

औषधकंपन्यांच्या कारस्थानाचा आरोपही होतो. ॲम्लोडिपिनचे पेटंट केव्हाच संपले आहे, एवढे त्याला उत्तर.

आता मंडन. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाऊल सुजले, कोरडा खोकला लागला वा भोवळ आली तर डॉक्टरांना कळवावे, परस्पर गोळी बंद करू नये. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने टेल्मिसार्टनसारख्या औषधाविषयी आधीच सांगावे. सांधेदुखीवर दुकानातून डायक्लोफेनॅक घेऊ नये. त्याने दाब चढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. आणि नागपूरला जाताना इथल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, कारण तिथल्या चिठ्ठीवर तेच औषध दुसऱ्या व्यापारी नावाने येते आणि भाबडा रुग्ण दोन्ही गिळतो.

राहिला संत्र्यांचा प्रश्न. गृहस्थांच्या मते गोळीवर संत्रे विष. फेलोडिपिन, निफेडिपिन यांसारख्या काही गोळ्यांशी ज्याचे पटत नाही ते ग्रेपफ्रूट नावाचे निराळे फळ. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या माणसाला आपल्या संत्र्याची धास्ती नको. या एका मुद्द्याचे सविस्तर खंडन मी सौसरच्या बागाईतदारांवर सोपवतो. त्यांची भाषा माझ्याइतकी संयमित नसते.